हवेची धाव

वडिलांची काळी सायकल गेल्या हिवाळ्यात माळ्यावरून उतरवली. 28 इंची चाकं, सळईचे ब्रेक, मागं कॅरिअर. चाळीसगावहून पाटणादेवीच्या रस्त्याला लागलो आणि डांबर उखडलं होतं तिथला एकेक खडा मणक्याला कळला. सीट बदलून घ्यावी म्हणून दुकानात गेलो, तर मिस्त्रीनं आधी अंगठ्यानं टायर दाबून पाहिले. “टायर वाळून कडक झालेत, वर हवाही दगडासारखी भरलीय,” म्हणाला. टायर-ट्यूब नवे घातले, हवा बेतानं भरली, आणि जुन्या सीटवरच सायकल मऊ चालायला लागली. तेव्हापासून या हवेच्या कुळाचा शोध घेतोय.

बैलगाडीच्या चाकाला तुंबा, आरे, पुठ्ठे आणि त्या सगळ्यांना बाहेरून आवळणारी लोखंडी पट्टी असते. तिला आपण धाव म्हणतो. लोहार ती तापवून चढवतो आणि पाणी ओततो. आकसली की चाक गच्च बसतं. पॅरिसमध्ये 1860च्या दशकात मिशो यांच्या कारखान्यातून पायडलची दुचाकी निघाली, तिचं चाकही असंच होतं, लाकडाचं आणि लोखंडी धावेचं. फरसबंद रस्त्यावर तिनं माणसं इतकी हलवली, की इंग्रजांनी तिला हाडं खिळखिळी करणारी म्हणूनच ओळखलं. मग भरीव रबराची धाव आली. खडखडाट कमी झाला, हादरे राहिलेच.

हवेची धाव खरं तर या सगळ्याच्या आधीची. रॉबर्ट थॉमसन या 23 वर्षांच्या स्कॉटिश तरुणानं 1845 मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं, पण घोडागाडीसाठी. तेव्हा सायकल प्रचारातच नव्हती. कल्पना विस्मरणात गेली. 1887 मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉप या गुरांच्या डॉक्टरनं ती नव्यानं शोधली, थॉमसनचं नावही ठाऊक नसताना. त्याच्या मुलाची तीनचाकी भरीव रबरावर आदळत चालायची. डनलॉपनं रबराच्या पत्र्याची नळी केली, लाकडी चकतीभोवती कापडानं बांधली आणि फुटबॉलच्या पंपानं फुगवली. मग हे चाक आणि तीनचाकीचं जुनं चाक अंगणात घरंगळत सोडलं. जुनं मध्येच लवंडलं, हवेचं पार टोकापर्यंत गेलं. या कथेत मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही अंगणातली परीक्षा. कडक चाकाला प्रत्येक खड्यावर स्वारासकट सगळं वजन उचलावं लागतं. हवेचं चाक खडा पोटात घेऊन पुढं जातं. म्हणून आराम आणि वेग एकाच नळीतून आले. पुढं थॉमसनचं जुनं पेटंट उजेडात आलं आणि डनलॉपचं रद्द ठरलं. नाव मात्र टायरवर डनलॉपचंच राहिलं.

सीटचं कूळ घोड्याचं. बर्मिंगहॅमच्या जॉन ब्रूक्सचा धंदा घोड्याच्या चामडी साजाचा. त्यानं 1882 मध्ये सायकलच्या चामडी सीटचं पेटंट घेतलं. तिच्यात गादी नाहीच. पुढच्या नाकापासून मागच्या पट्टीपर्यंत चामडं ताणलेलं असतं, आपल्या बाजेच्या सुतळीसारखं, आणि सैल पडलं की नाकाखालचा स्क्रू फिरवून पुन्हा ताणायचं.

शर्यतीच्या सायकली आता-आतापर्यंत 23 मिलीमीटरच्या टायरवर कडक हवा भरून धावत. गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्या 28 आणि त्याहून रुंद टायरवर, कमी हवेवर आल्या. वडिलांच्या काळ्या सायकलीचा टायर दीड इंची, म्हणजे 38 मिलीमीटर. दुधाचे कॅन लावून शेतरस्त्यानं येणाऱ्यांनी हीच रुंदी वर्षानुवर्षं वापरली, हे मला अभिमानानं सांगावंसं वाटतं.

ज्या पाटणादेवीच्या रस्त्यावर खडे मणक्याला कळले, तिथल्याच पाटणला गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’त एका चाकाचं वर्णन येतं. पोकळ आऱ्यांत पारा भरायचा, म्हणजे ते आपोआप फिरेल. परवा तिथून परतताना ते चाक डोक्यात होतं आणि माझं मागचं चाक बसत चाललं होतं. बाभळीचा काटा. मिस्त्रीनं ट्यूब बाहेर काढली, फुगवली आणि घमेल्यातल्या पाण्यात हळूहळू फिरवत नेली. एका जागी बारीक बुडबुडे वर आले. तिथं त्यानं बोट ठेवलं.