काचेची चिकाटी

आयन वाहिन्यांवर काम चालतं अशा प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसलेल्या माणसाच्या ओठांत बऱ्याचदा एक बारीक प्लॅस्टिकची नळी दिसते. नळीचं दुसरं टोक काचेच्या सुईसारख्या पिपेटला जोडलेलं. पिपेट पेशीला टेकली की तो माणूस हळूच श्वास ओढतो, आणि पडद्यावरची थरथरती रेघ एकदम शांत होते. लाखो रुपयांच्या यंत्रांचं सगळं गाडं अडलेलं असतं ते या एका चोखण्यावर.

या तंत्राचं नाव पॅच क्लॅम्प. ‘क्लॅम्प’ हे घराण्याकडून आलेलं आडनाव. पेशीपटलावरचा विजेचा दाब ठरलेल्या आकड्यावर जखडायचा आणि तो टिकवायला किती प्रवाह लागतो ते मोजायचं, ही युक्ती अमेरिकेत केनेथ कोल यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस वापरली. तिचं सोनं केलं इंग्लंडच्या हॉजकिन आणि हक्सली यांनी. त्यांचा प्राणी स्क्विड, म्हणजे कोकणात ज्याला माकूल म्हणतात त्याच्या गोतातला. त्याचा एक चेतातंतू अर्धा मिलिमीटर जाड असतो, आत तार सरकवता येईल इतका. तंतूतून संदेश धावताना आधी सोडियम आत शिरतं, मग पोटॅशियम बाहेर पडतं, हा हिशेब १९५२ मध्ये त्यांनी मांडला. आकडेमोड केली हाताने फिरवायच्या यंत्रावर. पण ही ये-जा कोणत्या दारांतून होते, ती दारं काही त्यांना दिसली नाहीत.

दारांची चाहूल लागली ती लंडनमध्ये, बर्नार्ड कॅट्झ यांच्याकडे. बेडकाच्या स्नायूवर ॲसिटिलकोलिन, म्हणजे नसेचा निरोप स्नायूला पोचवणारं रसायन, सोडलं की विजेच्या नोंदीत बारीक कुरबुर वाढते. पत्र्यावरच्या पावसाच्या आवाजावरून एका थेंबाचा अंदाज बांधावा, तसा कॅट्झ आणि त्यांचे सहकारी मिलेडी यांनी त्या कुरबुरीवरून एका वाहिनीचा, म्हणजे एका दाराचा, अंदाज बांधला. त्या प्रयोगशाळेत तेव्हा बर्ट झाकमान नावाचा जर्मन डॉक्टर शिकत होता. म्युनिकमधला त्याचा जुना सोबती एर्विन नेहर हा मूळचा भौतिकशास्त्रज्ञ. पुढे दोघे ग्योटिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेत एकत्र आले.

थेंब एकटा पकडायचा तर पत्रा लहान करायला हवा, म्हणून पटलाचा जेमतेम काही मायक्रॉनांचा तुकडा पिपेटच्या तोंडाखाली घ्यायचा. हाच तो ‘पॅच’. बेडकाच्या स्नायूची नस आधीच कापून ठेवली होती, कारण नस तुटली की तिच्या टोकाशी दाटीवाटीने बसणारे ॲसिटिलकोलिनचे ग्राहक सगळ्या तंतूभर पसरतात. वरचं आवरण विकरांनी साफ केलं. १९७६ मध्ये ‘नेचर’मध्ये जी नोंद छापून आली तिच्यात रेघ पायरीसारखी उतरते, थोडा वेळ थांबते, पुन्हा वर येते. पायऱ्यांची लांबी कमीजास्त, उंची मात्र एकच. दार उघडं नाही तर बंद. मधलं काही नाही. प्रवाह काही पिकोअँपिअरचा. पिको म्हणजे लाख कोटीवा भाग. पण एक पिकोअँपिअर म्हणजेसुद्धा सेकंदाला बासष्ट लाख आयन!

तरी नोंद गढूळच होती. काच आणि पटल यांच्यामधल्या फटीतून प्रवाह झिरपायचा. फटीचा रोध सुमारे ५० मेगाओहम, आणि गळती जितकी जास्त तितका गोंगाट जास्त. वर्षानुवर्षं खटपट करून दोघे जवळजवळ थकले होते. १९८० च्या सुमारास एकदा पिपेट हलकेच चोखली आणि रोध एकदम शंभरपटीहून जास्त चढला. पटल काचेला असं घट्ट बिलगलं होतं की मधे वाट उरली नव्हती. पुन्हापुन्हा करून पाहिल्यावर गुपित कळलं : पिपेट ताजी हवी आणि ती एकदाच वापरायची. आधी पेशीला लागलेल्या टोकावर तिचा अंश राहतो, मग ते टोक चिकटत नाही. थोडक्यात, उष्टं चालत नाही. या तंत्राचं श्रेय लोक सर्किटांना देतात, तेही खोटं नाही. पण माझ्या मते निम्मी कमाई या सोवळ्याची आहे.

१९८१ च्या लेखावर पाच नावं आहेत : हॅमिल, मार्टी, नेहर, झाकमान, सिगवर्थ. पकड इतकी पक्की की तुकडा पेशीपासून ओढून काढला तरी टोकाला चिकटूनच राहतो. जोरात चोखलं तर तुकडा फुटतो आणि पिपेटमधला द्राव थेट पेशीच्या पोटात पोचतो. म्हणजे आतलं कॅल्शियम आपल्या हातात. या वाटेने नेहर आणि मार्टी अधिवृक्क ग्रंथीच्या पेशींकडे वळले. या पेशींतली रसायनाची पुडी बाहेर रिकामी होताना तिची साल पटलात मिसळते, पटलाचं क्षेत्रफळ वाढतं, आणि धारिता, म्हणजे पटलाची विद्युतभार साठवायची क्षमता, तेवढीच पायरी वर चढते. पेशी निरोप धाडते कशी, ते आता पुडी-पुडी मोजता येऊ लागलं.

१९९१ मध्ये नेहर आणि झाकमान यांना नोबेल मिळालं. काम मात्र अजून तसंच सुरू होतं : काचेची नळी मधोमध तापवून ओढायची, एकीच्या दोन पिपेटी करायच्या, टोकं आचेवर गुळगुळीत करायची. एक पेशीला लावायची. नाही चिकटली, तर ती टाकून दुसरी घ्यायची.