काळ्या वैमानिकांचे संग्रहालय कोठे असावे?

कामगार चळवळीत जन्म घालविलेल्या माणसाने अमेरिकेतील वैमानिकांच्या संग्रहालयावर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी आम्ही औद्योगिक न्यायालयाचे निवाडे शब्दकोश उघडून वाचता वाचता शिकलो. त्या वाचनाच्या ओघात ए. फिलिप रँडॉल्फ या पुढाऱ्याचे नाव भेटले. आगगाडीच्या शयनडब्यांत गोऱ्या उतारूंची अंथरुणे घालणाऱ्या, त्यांचे बूट पुसणाऱ्या काळ्या हमालांची संघटना या गृहस्थांनी १९२५ साली बांधली आणि बारा वर्षे झगडून पुलमन कंपनीला करारावर सही करावयास लावली. त्यांच्या मागे मागे जाता आम्ही या वैमानिकांपर्यंत येऊन पोहोचलो. विषय वाटतो तितका परका नाही.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात विमाने चालविणारे जे काळे लोक होते, त्यांना जग ‘टस्कीगी एअरमेन’ म्हणून ओळखते. त्यांची स्मृती कोठे जतन करावी, यावर चार ठिकाणांचा हक्क पोहोचतो. पहिले आलाबामा राज्यातील टस्कीगी गाव, जेथे ते शिकले. दुसरे डेट्रॉइट शहर, जेथे त्यांच्यापैकी पुष्कळजण राहिले आणि जेथे त्यांची संघटना १९७२ साली स्थापन झाली. तिसरी राजधानी वॉशिंग्टन, जेथे प्रेक्षकांना तोटा नाही. आणि चौथे, ज्याची आठवण कोणी सहसा काढत नाही, ते इंडियाना राज्यातील फ्रीमन फील्ड. संग्रहालय म्हणजे चार काचेची कपाटे, ती कोठेही ठेवली तरी चालतील, असे ज्यांना वाटते त्यांना हा वाद पोरकट वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही. कारण जागेचा हा वाद संग्रहालयाच्या वेळी निघालेला नाही. तो १९४१ पासून चालत आलेला आहे.

१९२५ साली अमेरिकेच्या आर्मी वॉर कॉलेजने एक अहवाल तयार केला. काळा मनुष्य बुद्धीने आणि धैर्याने कमी, सबब त्याला जोखमीचे काम देऊ नये, असा त्याचा मथितार्थ. पुढली पंधरा वर्षे सैन्याच्या विमानदलाचे दार काळ्यांना बंद राहिले. १९३९ साली युद्धाची चिन्हे दिसू लागताच सरकारने नागरिकांना उड्डाण शिकविण्याची योजना काढली आणि तीत काही काळ्या संस्थांना प्रवेश मिळाला. टस्कीगी इन्स्टिट्यूट ही त्यांतली एक. शिकागोतही कॉर्नेलियस कॉफी आणि विला ब्राऊन यांची काळ्यांची उड्डाणशाळा होती. तेव्हा सैन्याने काळे वैमानिक घ्यावयाचे ठरविले असते तर उत्तरेतल्या शिकागोजवळही त्यांना शिकविता आले असते.

पण १६ जानेवारी १९४१ रोजी युद्धखात्याने जाहीर केले, ते असे की काळ्यांची एक स्वतंत्र स्क्वाड्रन निघेल आणि तिचे शिक्षण टस्कीगीत होईल. हवा चांगली, जमीन मोकळी, अशी कारणे सांगण्यात आली. बोलून न दाखविलेले कारण असे की, आलाबामात काळे-गोरे वेगळे राहतात हे कायद्यानेच ठरलेले होते. तेथे वेगळा तळ कोणाच्या डोळ्यांत खुपणार नव्हता. काळ्यांच्या वर्तमानपत्रांनी आणि त्यांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या एन.ए.ए.सी.पी. या संस्थेने टीकेची झोड उठविली. विल्यम हेस्टी हे काळे न्यायाधीश युद्धखात्यात सल्लागार होते. त्यांनी वेगळ्या तळाला सतत विरोध केला आणि जानेवारी १९४३ मध्ये राजीनामा दिला. उलट टस्कीगी इन्स्टिट्यूटचे प्रमुख फ्रेडरिक पॅटरसन यांचे म्हणणे असे की, दार एकदा किलकिले तरी होऊ द्या. संपात अर्धी मागणी मान्य झाली म्हणजे युनियनच्या सभेत रात्री दोन वाजेपर्यंत जे भांडण चालते, तेच हे भांडण. अर्धी भाकरी घ्यावी की पानावरून उठावे? आम्ही अशा पुष्कळ सभा पाहिल्या आहेत. दोन्ही बाजूंची माणसे प्रामाणिक असतात, हे तेथे सर्वांत जड जाते.

याच सहा महिन्यांत रँडॉल्फ यांनी युद्धसामग्रीच्या कारखान्यांत काळ्यांना कामे मिळावीत म्हणून १ जुलै १९४१ ला वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला. रूझवेल्ट साहेबांनी २५ जूनला हुकूम काढून त्या कारखान्यांत भेदभावाला बंदी केली आणि मोर्चा मागे घेण्यात आला. सैन्यातली वेगवेगळी पंगत मात्र त्या हुकमाने मोडली नाही. त्यासाठी १९४८ पर्यंत थांबावे लागले, आणि तेव्हाही तगादा लावणाऱ्यांत रँडॉल्फ होतेच.

टस्कीगीत दोन मैदाने होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पहिले मोटन फील्ड. हे इन्स्टिट्यूटच्या मालकीचे. रोझनवाल्ड निधीने १,७५,००० डॉलर कर्ज दिले त्यातून ते उभे राहिले. तेथे विद्यार्थी विमानाची मुळाक्षरे गिरवीत. दुसरा सैन्याचा मोठा तळ, तो काही मैलांवर. त्याचे आराखडे एका काळ्या वास्तुशिल्पकाने केले आणि बांधकाम नॅशव्हिलच्या मॅकिसॅक या काळ्यांच्या कंपनीने केले. टस्कीगीच्या गोऱ्या रहिवाशांनी मात्र हा तळ आपल्या वस्तीच्या बाजूला नको, असा अर्ज आपल्या सेनेटरांकडे धाडला. मार्च १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट तेथे गेल्या आणि चार्ल्स अँडरसन या काळ्या शिक्षकाच्या विमानात बसून आकाशात फेरी मारून आल्या. त्या छायाचित्राने जे काम केले, ते शंभर ठरावांनी झाले नसते.

पहिल्या वर्गात तेराजण होते. ७ मार्च १९४२ रोजी त्यांतील पाचजण उत्तीर्ण झाले. त्यांत बेंजामिन डेव्हिस हे कॅप्टन होते. वेस्ट पॉइंटच्या सैनिकी विद्यालयात चार वर्षे त्यांच्याशी कोणीही सहाध्यायी कामाखेरीज बोलला नव्हता, आणि तरीही १९३६ साली पदवी घेऊनच ते बाहेर पडले. आपल्याकडे वाळीत टाकणे म्हणजे काय ते ज्यांनी भोगले, त्यांना याचा अर्थ फोडून सांगण्याची गरज नाही. १९४६ पर्यंत टस्कीगीत सुमारे हजार वैमानिक तयार झाले. पण विमान एकट्या वैमानिकाने उडत नाही. यंत्रे दुरुस्त करणारे, हवाई छत्र्यांच्या घड्या घालणारे, दारूगोळा चढविणारे, परिचारिका, स्वयंपाकी, कारकून अशी सारी माणसे धरली तर संख्या चौदा-पंधरा हजारांच्या घरात जाते. एवढे करून त्या तळावरही काळ्यांचे आणि गोऱ्यांचे उपाहारगृह निराळे होते.

रणांगणावरची कथा सर्वांना ठाऊक असते, म्हणून ती थोडक्यात सांगतो. एप्रिल १९४३ मध्ये ९९ वी स्क्वाड्रन उत्तर आफ्रिकेकडे निघाली. १९४४ च्या आरंभी ३३२ वा ग्रुप इटलीत आला आणि पुढे एड्रियाटिक समुद्राकाठच्या रामितेल्ली येथून बाँबर विमानांच्या संरक्षणासाठी उडू लागला. विमानांची शेपटे त्यांनी लाल रंगविली होती. २४ मार्च १९४५ रोजी ते बर्लिनपर्यंत गेले आणि त्यांनी जर्मनांची तीन जेट विमाने पाडली. त्याच इटलीत जमिनीवर आपले मराठे लढत होते. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, देह मिळाला नाही. त्यांचे नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेले आहे आणि पुतळा रायगड जिल्ह्यात माणगावला आहे. एकाच माणसाच्या स्मृतीला दोन गावे लागतात, ती अशी.

या लाल शेपटांच्या संरक्षणाखाली एकही बाँबर शत्रूने पाडला नाही, अशी ख्याती युद्ध संपण्यापूर्वीच पसरली आणि साठ वर्षे टिकली. पुढे विमानदलाचे इतिहासकार डॅनियल हॉलमन यांनी रोजनिशा तपासून दाखविले की २७ बाँबर पडले होते. इतर ग्रुपांची सरासरी मात्र ४६ होती. म्हणजे खरा आकडाही गौरवाचाच आहे. काही वृद्ध सैनिकांना त्या शोधाने वाईट वाटले. आमचे मत असे की, संग्रहालयाच्या भिंतीवर शून्य लिहिण्यापेक्षा २७ लिहावे. ज्यांना सतत सिद्ध करून दाखवावे लागले त्यांच्यावर, मेल्यानंतरही, निर्दोष असण्याची सक्ती कशाला?

आता फ्रीमन फील्ड. ४७७ वा ग्रुप बाँबर विमानांचा होता. युद्ध संपेपर्यंत त्याला परदेशी धाडलेच नाही. १९४५ च्या मार्चमध्ये तो इंडियानातील या तळावर आला. तेथे अधिकाऱ्यांसाठी दोन क्लब करण्यात आले, एक ‘शिकाऊ’ अधिकाऱ्यांचा आणि दुसरा ‘शिक्षकां’चा. शिकाऊ सगळे काळे, शिक्षक सगळे गोरे. कारखान्यात हुद्द्याची नावे बदलून पगार कापण्याची जी हातचलाखी असते, तिच्याच जातीची ही. ५ एप्रिलच्या रात्री काळे अधिकारी थोड्याथोड्यांच्या टोळ्यांनी गोऱ्यांच्या क्लबात शिरले. कोणी हात उगारला नाही. अटक करा म्हणताच अटक करून घेतली, की मागून दुसरी टोळी. दोन दिवसांत ६१ जणांना अटक झाली. मग कर्नल सेल्वे यांनी वेगळेपणाचा लेखी हुकूम काढला आणि तो वाचला व समजला अशी सही करण्यास फर्मावले. १०१ अधिकाऱ्यांनी सही दिली नाही. युद्धकाळात वरिष्ठाचा हुकूम मोडण्यास देहान्तापर्यंत शिक्षा होती, आणि हे त्यांना सांगण्यात आले होते. अखेर तिघांवरच खटला चालला. रॉजर टेरी या एकट्याला एका अधिकाऱ्याला धक्का दिल्याबद्दल १५० डॉलर दंड झाला. तो ठपका पुसला जाण्यास १९९५ साल उजाडले.

या बेताची आखणी करणाऱ्यांत कोलमन यंग हा लेफ्टनंट होता. युद्धापूर्वी तो डेट्रॉइटमध्ये फोर्डच्या कारखान्यात कामाला होता आणि युनियनचे काम करीत होता. टोळ्यांनी जाणे, शांत राहणे, सही न देणे ही विद्या सैन्याच्या कोणत्या पुस्तकात असणार? ती कारखान्याच्या दारात शिकलेली. पुढे १९७४ पासून वीस वर्षे हेच यंग डेट्रॉइटचे महापौर होते, त्या शहराचे पहिले काळे महापौर. १९८७ साली जुन्या फोर्ट वेनच्या किल्ल्यात या वैमानिकांचे संग्रहालय उभे राहिले, ते त्यांच्या कारकिर्दीत. डेट्रॉइटचा हक्क केवळ भावनेचा नाही. जवळच्या सेल्फ्रिज तळावर हे लोक शिकत होते, तेथेही ऑफिसर्स क्लबचे दार त्यांना बंद होते.

वॉशिंग्टनबद्दल फार बोलण्यासारखे नाही. २०१६ साली तेथे उघडलेल्या राष्ट्रीय संग्रहालयात मोटन फील्डवर शिकविण्यास वापरलेले एक स्टिअरमन विमान छतास टांगलेले आहे. लाखो लोक मान वर करून ते पाहतात. उत्तम झाले. पण टांगलेल्या विमानाखाली जमीन कोणती, हे प्रेक्षकाला दिसत नाही.

आणि म्हणून आमचा कौल टस्कीगीला. ‘जन्मस्थान’ म्हणून मुळीच नव्हे. हेस्टींचा आक्षेप खरा होता, टस्कीगी हे वेगळेपणाचे आवार होते. आमच्या मते नेमके याच कारणासाठी मुख्य संग्रहालय तेथे हवे. युद्ध जिंकून बारा वर्षे झाली आणि १९५७ साली आलाबामाच्या विधिमंडळाने टस्कीगी गावाची वेस नव्याने आखली. चौकोनी होती, ती अठ्ठावीस बाजूंची केली. गावातील सुमारे चारशे काळ्या मतदारांपैकी चार-पाच सोडून सगळे वेशीबाहेर गेले. गोरा एकही गेला नाही. ज्या इन्स्टिट्यूटने देशाला वैमानिक दिले, तीही वेशीबाहेर. काळ्यांनी गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार घातला, इन्स्टिट्यूटमधील प्राध्यापक गोमिलियन न्यायालयात गेले आणि १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने ती वेस बेकायदा ठरविली. शौर्याची कथा आणि वेशीची कथा एका जागी उभे राहून वाचता येतात, असे ठिकाण दुसरे नाही. डेट्रॉइटमध्ये पहिली वाचताना दुसरी दूर वाटते. वॉशिंग्टनमध्ये तर दोन्ही.

सरकारने ६ नोव्हेंबर १९९८ च्या कायद्याने मोटन फील्डला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ केले. सैन्याचा मोठा तळ १९४६ मध्येच बंद झाला होता. मोटन फील्डचे दुसरे हँगर १९८९ साली जळाले होते, ते पुन्हा उभारावे लागले. पहिले हँगर ऑक्टोबर २००८ मध्ये लोकांसाठी उघडले. गाव आडवळणाचे, माँटगोमेरीपासून चाळीस मैल, तेथे कोण जाणार, असे म्हणणारे होते. ज्यांना जावयाचे ते चाळीस मैल जातात. तेथे फ्रीमन फील्डच्या त्या हुकमाची नक्कल आणि १०१ नावे दारातच लागावीत, एवढीच आमची मागणी राहील; नाहीतर लोक लाल शेपटे पाहून परत येतील.

डेट्रॉइटचा हक्क मात्र यामुळे बुडत नाही. ११ एप्रिल १९४४ रोजी सेल्फ्रिजहून नेमबाजीच्या सरावाला निघालेले फ्रँक मूडी या तरुण लेफ्टनंटचे एअराकोब्रा विमान ह्युरॉन सरोवरात कोसळले आणि मूडी दगावला. २०१४ च्या एप्रिलमध्ये, बरोबर सत्तर वर्षांनी, पाणबुड्यांना ते तळाशी सापडले. २०२३ पर्यंत त्याचे भाग वर काढण्यात आले, आणि मिशिगनच्या पाण्यातून निघालेले ते विमान डेट्रॉइटच्या संग्रहालयात ठेवावयाचे ठरले. तेथून ते टस्कीगीस न्यावे, असे आम्हीही म्हणणार नाही.