किंडरची प्रदक्षिणा

नकाशा पुढे पसरून एका दिवसाच्या पायी भ्रमंतीचा मार्ग आखणे हा वरवर पाहता किती निरुपद्रवी उद्योग! गावातून सकाळी निघावे, नदीकाठाने वर चढावे, उंच माळावरून दूरवर चालावे आणि दिवेलागणीपूर्वी दुसऱ्या वाटेने त्याच गावी परतावे. गेल्या वाटेनेच परत येणे नको, एवढीच काय ती अट. उज्जयिनीची पंचक्रोशी किंवा नर्मदेची परिक्रमा ज्यांच्या घराण्यात कोणी ना कोणी केलेली असते, त्या आपल्या वाचकांस अशा वर्तुळाची गोडी निराळी सांगावयास नको. परंतु इंग्लंडमध्ये असे एक वर्तुळ आहे, की जे कागदावर आखावयास पाच मिनिटे पुरतात आणि जे सामान्य माणसाच्या पायांना मोकळे होण्यास मात्र पिढ्यान् पिढ्या खर्ची पडल्या. त्याची ही हकीकत.

मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन उद्योगनगरांच्या मधोमध किंडर स्काउट नावाचे पठार आहे. उंची ६३६ मीटर, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या मानाने बेताचीच. इंग्रज ज्याला ‘मूर’ म्हणतात तो हा प्रदेश. कोकण-गोमंतकातील सड्याचे हे थंड मुलखातील भावंड समजावे. मात्र येथे जांभा दगड नाही. हजारो वर्षे अर्धवट कुजत साचलेल्या शेवाळाचा काळा, ओला थर आहे. त्यास पीट म्हणतात. त्यावर हेदरची जांभळी झुडपे आणि राठ गवत. पठाराच्या पश्चिम कड्यावरून किंडर नदी सुमारे शंभर फूट खाली झेपावते. पश्चिमेचा वारा जोराचा असला म्हणजे ते पाणी खाली न पडता वर उधळते. आंबोलीच्या कावळेसादावर पावसाळ्यात उभे राहिलेल्या बेळगावकरांस हा चमत्कार ओळखीचा वाटेल.

पायथ्याच्या हेफील्ड गावाहून निघावयाचे झाल्यास मार्ग असा : प्रथम नदीकाठाने बोडेन पुलापर्यंत, तेथून १९१२ साली पुरा झालेला किंडर जलाशय उजव्या हाताला ठेवून विल्यम क्लफ या घळीत शिरावयाचे, घळीच्या माथ्यावर, ॲशप हेड येथे पोचल्यावर पठाराच्या कडेकडेने धबधब्यापर्यंत व पुढे किंडर लो या उंचवट्यापर्यंत जावयाचे, तेथून ईडेल क्रॉस या जुन्या दगडी क्रुसापाशी उतरून सेट नदीच्या खोऱ्याने हेफील्डला परत. केंद्र सदैव उजवीकडे राहते, म्हणजे अगदी शास्त्रोक्त प्रदक्षिणाच! अंतर नऊ-दहा मैल, चढण सुमारे सोळाशे फूट. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक सोपा आडाखा बांधून दिला आहे : दर तीन मैलांस एक तास आणि दर दोन हजार फूट चढणीस आणखी एक तास. त्या हिशेबाने ही फेरी चार तासांची ठरते. पण पीटमध्ये पाय रुततो, धुके उतरले म्हणजे दहा पावलांपलीकडचे दिसत नाही आणि डिसेंबरात तर दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. म्हणून सहा तास हाताशी धरावेत, होकायंत्र जवळ असावे आणि धुक्यात पठाराच्या पोटात न शिरता कड्याची वाट सोडू नये.

आजच्या प्रवाशाने एवढी काळजी घेतली म्हणजे पुरे. त्याच्या पणजोबाला मात्र याहून मोठी अडचण होती : या वर्तुळाचा निम्मा भाग त्याला निषिद्ध होता.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गावाच्या सामायिक माळजमिनी कुंपणे घालून जमीनदारांत वाटल्या गेल्या, तेव्हा किंडरही खाजगी झाला. पुढे तेथे ग्राउस पक्ष्यांची निगा राखली जाऊ लागली. त्यांच्या शिकारीचा हंगाम दर वर्षी १२ ऑगस्टला सुरू होतो. काही पाहुण्यांच्या थोड्या दिवसांच्या शिकारीसाठी बाराही महिने रखवालदार माळावर पहारा करीत. इकडे डोंगरापलीकडे मँचेस्टरच्या आसमंतात गिरण्यांचा धूर दाटला होता. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत आपल्या धारवाड-खानदेशाकडील कापूस ज्या गिरण्यांकडे धावला, त्याच या लँकाशायरच्या गिरण्या. तेथील कामगाराला स्वच्छ हवेसाठी एक रविवार आणि स्वस्त आगगाडी एवढाच आधार. आगगाडी त्याला पायथ्याशी आणून सोडी; वरती पाटी उभी असे.

वर्तुळाचा पहिला तुकडा मोकळा झाला तो अर्ज, पुरावे आणि चिकाटी यांच्या बळावर. हेफील्डच्या जुन्या पायवाटांच्या रक्षणासाठी १८७६ साली मंडळी एकत्र आली. १८९४ साली त्याहून व्यापक संस्था उभी राहिली. आणि १८९७ साली विल्यम क्लफमधून पलीकडे जाणारी वाट लोकांना रीतसर खुली झाली. परतीची, ईडेल क्रॉसची वाट तर लमाणी घोड्यांची पूर्वापार वहिवाट. राहिला तो मधला, कड्याचा तुकडा. अर्थात् सर्वांत सुंदर तोच.

२४ एप्रिल १९३२ हा रविवार होता. बेनी रॉथमन या वीस वर्षांच्या बेकार यंत्रकारागिराच्या पुढाकाराने सुमारे चारशे तरुण-तरुणी बोडेन पुलाजवळच्या खाणीत जमली आणि विल्यम क्लफच्या वाटेने निघून, ठरल्या ठिकाणी वाट सोडून वरच्या उतारावर चढली. रखवालदारांशी झटापट झाली; एकाला दुखापत झाली. माथ्यावर ईडेलकडून आलेल्या दुसऱ्या तुकडीची भेट होऊन मंडळी आल्या वाटेने परतली आणि हेफील्डला पोलिसांच्या हाती सापडली. केवळ परक्या जमिनीवर पाऊल ठेवणे हा फौजदारी गुन्हा नव्हता. म्हणून दंगलीचे आरोप ठेवण्यात आले. डर्बीच्या न्यायालयात पाच जणांस दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. रॉथमनला चार महिने मिळाले.

येथे इतिहासाशी प्रामाणिक राहिले पाहिजे. ती मंडळी किंडरच्या शिखरावर पोचली नव्हती. प्रदक्षिणा तर त्यांची मुळीच पुरी झाली नाही. भ्रमंती करणाऱ्यांच्या जुन्या, प्रतिष्ठित संस्थांनाही हा मार्ग पसंत नव्हता. आपल्या वर्षानुवर्षांच्या वाटाघाटी यामुळे बिघडतील अशी त्यांना भीती होती. १९३९ साली झालेला कायदा तर इतका दुबळा निघाला, की काही बाबतींत त्याने बंधने वाढविलीच. तेव्हा १९३२ च्या एका दुपारने पठार जिंकले, हे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण एका चालण्यासाठी मुलांना तुरुंगात जावे लागते, ही गोष्ट लोक विसरले नाहीत. अर्ज करणाऱ्यांनी कायद्याची वाट तयार केली. तुरुंगात गेलेल्यांनी त्या वाटेची निकड देशाला पटविली. दोहोंपैकी एकाला वगळून हा इतिहास सांगता येणार नाही.

युद्धानंतर १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १९५१ साली हाच पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान ठरला. त्याच दशकात करारांनी माळ खुले होऊ लागले. १९६५ च्या २४ एप्रिलला, म्हणजे नेमक्या त्याच तारखेला, कड्यावरून जाणारा पेनाइन मार्ग रीतसर सुरू झाला. २००० सालच्या कायद्याने तर वाट सोडूनही माळावर हिंडण्याचा हक्क दिला. या भागात तो २००४ पासून अमलात आला. मधल्या काळात, २००२ साली, त्या घटनेच्या सत्तराव्या स्मरणदिनी डेव्हनशायरच्या अकराव्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या वर्तनाबद्दल जाहीर क्षमा मागितली. रॉथमन मात्र त्याच वर्षीच्या जानेवारीत निवर्तला होता.

हक्क मिळाला म्हणून काम संपले नाही. गिरण्यांच्या धुराने माळावरचे शेवाळ मारले, उघडा पडलेला पीट पाण्याबरोबर वाहून गेला. आता नाले अडवून, शेवाळ पुन्हा लावून तो माळ जगविला जात आहे. पक्ष्यांच्या विणीसाठी १ मार्च ते ३१ जुलै या काळात कुत्रा दोरीने बांधूनच न्यावा लागतो. पूर्वी रखवालदार जे पक्षी शिकारीसाठी राखीत, ते आता चालणाऱ्याने त्यांच्या स्वतःसाठी राखावयाचे आहेत. पेनाइन मार्गावर दलदलीच्या जागी फरशा घातल्या आहेत. त्यांतील पुष्कळशा लँकाशायरच्या पाडलेल्या गिरण्यांमधून आणलेल्या आहेत. ज्या फरशीवर कामगार सहा दिवस उभा राहत असे, तीच आता त्याच्या नातवंडांच्या पायांखाली, मोकळ्या वाऱ्यात पडली आहे. वर्तुळ आखताना तेवढ्या जागी पेन्सिल क्षणभर थांबावी.