इंग्रजांचे चाकर की लढाऊ कामगार?

दरवर्षी ६ डिसेंबरला कामरगावहून आम्ही चैत्यभूमीला जातो. यंदा मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममधील युद्धस्मारकही पाहिले. दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या, समुद्र हीच ज्यांची कबर, अशा सुमारे ६,००० भारतीय नाविकांचे हे स्मारक. त्यात नौदलाचे थोडे. बहुसंख्य व्यापारी जहाजांवर कोळसा ओढणारे, डेक धुणारे, रांधणारे खलाशी.

भीमा कोरेगावच्या शूरांना 'इंग्रजांचे चाकर' म्हणणारे यांनाही तेच म्हणतील. पण पोटासाठी नोकरी पत्करणे म्हणजे मालकाची भक्ती नव्हे. गोऱ्या खलाशांपेक्षा यांचा पगार कितीतरी कमी. डेक, इंजिन, स्वयंपाकघर ही कामेही प्रांत आणि धर्म पाहून वाटलेली. तरीही १९३९ मध्ये युद्ध पेटताच त्यांनी ब्रिटिश बंदरांत संप केला. शेकडो तुरुंगात गेले, पण पगारवाढ मिळवली.

ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असे बाबासाहेबांनी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांना बजावले होते. माणसांची वाटणी मोडल्याशिवाय हक्क मिळत नाही, हे या खलाशांनीही दाखवले.

मित्रांनो, कोरेगावच्या स्तंभावरील नावे आपण अभिमानाने वाचतो. मस्जिद बंदरच्या या कष्टकऱ्यांनाही आपल्या इतिहासात जागा द्या.

जय भीम!