उलटं पाणी

नळाला पाणी येण्याच्या वेळेवर सगळ्या गल्लीचं लक्ष असतं. आम्हा फिटर लोकांचं लक्ष पाणी जाण्याच्या वेळेवर. साताऱ्यात माची पेठेसारख्या चढावरच्या भागात व्हॉल्व्हमनने चावी फिरवली, की थोड्या वेळाने उघड्या तोटीला ओला तळवा लावून बघा. तळवा आत ओढला जातो. खालच्या पेठेत कुणाची तरी तोटी चालू असते, पाइपातलं उरलंसुरलं पाणी उताराला लागतं आणि मागं पोकळी राहते. ती भरायला जे हाताशी असेल ते आत शिरतं. कुठे नुसती हवा, कुठे बादलीतलं साबणाचं पाणी, कुठे गळक्या सांध्याभोवतीचा चिखल. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत पाणीपुरवठ्याच्या कामात माझं आयुष्य गेलं. "दादा, पाणी कधी सुटणार?" हे हजारदा ऐकलं. गेलेलं पाणी जाताना काय घेऊन गेलं, हे कुणी विचारलं नाही.

जुन्या साताऱ्याला हा विचार करायची गरज पडली नाही. शाहू महाराजांनी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला शहर वसवलं, आणि राजधानीला पाणी मिळालं ते डोंगराच्या कृपेने. यवतेश्वराच्या बाजूचे झरे, महादऱ्याचं तळं, तिथून खापरी नळ आणि पेठांमधले हौद. नळाचं तोंड हौदातल्या पाण्याच्या वर, मधे वीतभर मोकळी हवा. पाणी खाली पडायचं. परत वर चढून नळात शिरायला त्याला वाटच नव्हती. आजही जगातला कुठलाही पाणी-इंजिनिअर सांगेल, की उलटं पाणी अडवायला एवढी मोकळी हवा पुरते. तिला झडप नाही, स्प्रिंग नाही, बिघडायला काही नाही. साताऱ्याजवळच्या लिंब गावच्या बारा मोटांच्या विहिरीवरही तोच प्रकार. विरूबाईंच्या नावाची, १७१९ ते १७२४ या काळातली ती विहीर. मोट वर येऊन थारोळ्यात रिती व्हायची आणि पाणी पाटाला लागायचं. पाटातलं पाणी मोटेत परतणार कसं?

म्हणून काही जुनं ते सगळं सोनं नव्हे. हौदात कोण कसली घागर बुडवेल याला धरबंध नव्हता. पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवून पाणी भरणाऱ्यांना नारू व्हायचा. तो देशातून गेल्याचं जाहीर व्हायला २००० साल उजाडलं. माझं म्हणणं एवढंच, की हौद नासला तर हौदापुरता नासायचा. नळ शाबूत राहायचा.

मग इंग्रजी अमदानीत कासचा तलाव झाला. फुलं बघायला येणाऱ्यांना पठार ठाऊक असतं, २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारसा यादीतही गेलं. सातारकराला कास ठाऊक आहे ते पाण्यासाठी. डोंगराच्या कडेकडेने उघडा पाट काढून, पंपाशिवाय, नुसत्या उतारावर पाणी शहरात आणलं. पुढे पाटाच्या जागी बंद पाइप आले, कृष्णा आणि उरमोडीवरून उचलून आणायच्या योजना झाल्या, अलीकडे कासच्या धरणाची उंचीही वाढवली. दरम्यान हौद ओस पडले आणि घरोघर नळ गेला. चोवीस तास दाब असता तर काही बिघडलं नसतं, कारण भरलेल्या पाइपात बाहेरचं शिरत नाही. पण पाणी आलं ठरलेल्या वेळेला, तासा-दोन तासांसाठी. उरलेला दिवस पाइप रिकामा, आणि रिकामा पाइप ओढतो.

त्यावर घरांनी उपाय काढला तो जमिनीतल्या टाकीचा. टाकीत बॉलकॉक लावला. पाणी पडताना रात्री आवाज होतो म्हणून प्लंबरला सांगून त्याला खाली पाइपाचा तुकडा जोडला, पार तळापर्यंत. म्हणजे हौदातली ती वीतभर हवा आम्ही आमच्याच हाताने बुजवली. नळ बंद झाला की टाकीतलं पाणी त्याच तुकड्यातून गल्लीच्या लाइनला परत. त्याहून वाईट म्हणजे नळाला थेट मोटर. एकाने लावली की शेजारी लावणार, आणि दोन मोटरींच्या ओढाओढीत गटारालगतचा सांधा गटार पिणार. तिसरी तऱ्हा स्वयंपाकघरातली. एकाच तोटीला डायरेक्ट नळही यावा आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणीही यावं म्हणून दोन्ही लाइनी एकत्र जोडतात. मग "टाकी रात्रीत रिकामी होते, कुठं लीक आहे बघा" म्हणून बोलावणं येतं. लीक कुठेच नसतं. गच्चीवरचं पाणी रात्रभर रस्त्याच्या पाइपात उतरत असतं.

याला अटकाव करणारी झडप आपल्याकडे नवी नाही. सांगलीकडच्या शेतकऱ्याला ती आधीपासून माहीत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडल स्टेशनजवळच्या माळावर, औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेत कारखाना हलवला. तिथं नांगरापाठोपाठ पंप होऊ लागले. पंप आला म्हणजे फूटव्हॉल्व्ह आला. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तळाला जाळी आणि आत एकाच बाजूला उघडणारी झडप. तिचं काम, पंप थांबला तरी पाइपातलं पाणी धरून ठेवणं. ती गळाली की सकाळी पंप पाणी धरत नाही. मग बादलीने पाइप भरायचा, तरी जमेना तर शेण कालवून ओतायचं. शेणाने झडप बसते हे खरं. तेच शेण विहिरीच्या पाण्यात जातं हेही तितकंच खरं. म्हणजे झडप होती ती पंपाच्या सोयीची. पाणी राखायला कुणी ती बसवली नाही.

तासगावच्या द्राक्षबागांमध्ये हा फरक डोळ्यांनी दिसतो. ठिबकला व्हेंच्युरीतून खत सोडणारा बागायतदार एनआरव्ही, म्हणजे एकाच दिशेला पाणी सोडणारी झडप, बसवतोच, नाहीतर खत उलटं विहिरीत जातं आणि पैसे बुडतात. तोच माणूस घरच्या नळाची नळी मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणाच्या पिंपात बुडवून खुशाल चहाला जातो. तेवढ्यात नळ गेला तर बोर्डो पुढच्या घरच्या माठात. हे मी सांगून थकलो. नळी पिंपाच्या काठाच्या वर बांधा, एवढं तर सुतळीनेही होतं!

अमेरिकेने हा धडा महागात घेतला. १९३३ मध्ये शिकागोत जागतिक मेळा भरला होता. तिथल्या दोन हॉटेलांत मैल्याची आणि पिण्याच्या पाण्याची लाइन सदोष जोडांमधून एकमेकींत मिसळली. अमीबाच्या हगवणीने १,४०९ जण आजारी पडले, ९८ मेले. पाहुणे आपापल्या गावी गेल्यावर आजार उघडा पडला, म्हणून शोधही उशिरा लागला. आज तिथं अनेक शहरांत दोन झडपा आणि मधे पाणी बाहेर सोडणारं तोंड असलेलं यंत्र बसवावं लागतं. परवानाधारक तपासनीस वर्षातून एकदा दाबमापक लावून झडप खरंच बंद होते का ते बघतो आणि कागदावर सही करतो. आपल्याकडे रिफ्लक्स व्हॉल्व्हसाठी आयएस ५३१२ आहे, पितळी चेक व्हॉल्व्हसाठी आयएस ७७८ आहे. वस्तू कशी असावी ते मानकात लिहिलंय. ती घरात बसल्यावर चालते का, हे बघत फिरणारा माणूस आपल्या गल्लीत कधी आलाच नाही. तो धंदाच उभा राहिला नाही.

त्याची किंमत सांगली-मिरजेने मोजली. २०१४ मध्ये मिरजेत नळाच्या पाण्यात ड्रेनेज मिसळून गॅस्ट्रोची साथ आली, माणसं दगावली. आणि पुराचं तर विचारूच नका. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांवर गेली. सांगलीत पूर समोरून येतो तसा पाठीमागूनही येतो. जे नाले एरवी गावाचं पाणी नदीला देतात, त्यांतूनच नदी गावात शिरते. घरातही तेच झालं. जमिनीतल्या टाक्या बुडाल्या, बॉलकॉक पुराच्या पाण्यात, आणि लाइनीत दाब नाही. पूर ओसरल्यावर लोकांनी टाक्या उपसल्या, टीसीएल पावडर टाकली, पाणी शुद्ध करायच्या मेडिक्लोरच्या बाटल्या वाटल्या गेल्या. टाकी धुतली, पाइप कुणी धुतला? सुरुवातीचं पाणी बराच वेळ वाहू द्या, असं आम्ही सांगत होतो. आठवडाभर पाण्यासाठी तरसलेला माणूस ते गटारात कसं सोडणार, हेही कळत होतं.

गच्चीवरच्या टाकीला जाणाऱ्या लाइनीवरची एनआरव्ही तपासायला इंजिनिअर लागत नाही. नळ गेल्यावर मीटरजवळचा कॉक बंद करा आणि कॉक व झडप यांच्यामधली तोटी उघडा. पाइपातलं चार लोटे पाणी येऊन थांबलं तर झडप बसते आहे. धार चालूच राहिली तर ते तुमच्या टाकीचं पाणी आहे आणि झडप निकामी. मधे तोटीच नसेल तर एक बसवून घ्या. झडप बहुतेकदा मोडलेली नसते; पानाखाली वाळूचा कण किंवा क्षाराचा थर असतो. वरची टोपी उघडून घासली की पुन्हा बसते. बसवताना अंगावरचा बाण पाण्याच्या दिशेने आहे ना, ते स्वतः बघा. उलट्या बसवलेल्या झडपाही मी काढल्या आहेत. गणपतीआधी टाकी धुता, त्याच दिवशी हे करा. आणि टाकीत उतराल तेव्हा बॉलकॉकच्या तोंडाला जोडलेला तो पाइपाचा तुकडा आधी कापून टाका. रात्री पाण्याचा आवाज येईल. येऊ द्या.