डेव्हीचे जांभळे गाल

१७९९ साली ब्रिस्टलमध्ये डॉ. थॉमस बेडोज यांनी ‘न्यूमॅटिक इन्स्टिट्यूशन’ उघडलं. वायू हुंगवून रोग बरे करायचे, विशेषतः क्षय. बेडोज यांचा तर्क चुकीचा होता, पण मला तो भारी वाटतो: क्षयरोग्याचे गाल लालसर दिसतात, म्हणजे रक्तात ऑक्सिजन जास्त झालाय, तो कमी करा! वायू तयार करायचं यंत्र बनवलं वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटने. त्याची लेक जेसी १७९४ मध्ये क्षयानेच गेली होती.

तिथे वायूंवर प्रयोग करायला होता विशीतला हंफ्री डेव्ही. हा पठ्ठ्या सगळं आधी स्वतःवर करून बघायचा. त्याने हायड्रोजन ओढला. पहिल्या काही श्वासांत काहीच नाही. मग छातीवर दाब, मग घुसमट. शेवटी गाल जांभळे पडले. हे त्याला स्वतःला कसं दिसणार? बाजूला उभ्या असलेल्या माणसाने सांगितलं.

मग हायड्रोजन विषारी का? नाही. तो फक्त ऑक्सिजनची जागा अडवतो. आपलं रक्त ऑक्सिजन गमावलं की गडद होतं आणि कातडीआडून निळसर दिसतं. म्हणजे तो रंग हायड्रोजनचा नव्हताच.

उलट डेव्हीला जवळजवळ संपवलं ते ‘हायड्रोकार्बोनेट’ने. त्यात हायड्रोजनसोबत कार्बन मोनॉक्साइड असायचा, आणि तो तर रक्त लालभडक ठेवतो. माणूस मरणाच्या दारात, चेहरा गुलाबी!

रंगाचा हिशोब बऱ्याच उशिरा लागला. १९१९ च्या सुमारास डेन्मार्कच्या क्रिस्टन लुंड्सगार्ड यांनी दाखवलं की केशवाहिन्यांतल्या १०० मिलिलिटर रक्तात साधारण ५ ग्रॅम हिमोग्लोबिन ऑक्सिजनविना असेल, तेव्हा निळेपणा दिसतो. टक्केवारी नव्हे, ग्रॅम. इथे माझं डोकं थांबलं. ज्याच्या अंगात मुळात हिमोग्लोबिनच कमी, त्याचा ऑक्सिजन धोकादायक उतरला तरी तो निळा पडेलच असं नाही. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. त्यात आपला सावळा रंग. गालावर काय दिसणार? म्हणून डॉक्टर ‘जीभ दाखवा’ म्हणतात, आणि तीही कधीकधी फसवते.