सुप्रजेचा मोह

आपल्या पोटीं निरोगी व गुणी अपत्य यावें, ही इच्छा मनुष्यजातीइतकीच पुरातन आहे. सोयरीक जमवितांना कुळाची चौकशी होते, ती याच इच्छेपोटीं. परंतु या इच्छेला शास्त्राचें नांव मिळालें तें १८८३ सालीं. डार्विनचा आप्त फ्रान्सिस गाल्टन यानें त्या वर्षीं ‘युजेनिक्स’ हा शब्द प्रचारांत आणला. मराठींत त्याला सुप्रजाजननशास्त्र म्हणतात. घोडे व कुत्रे यांची पैदास निवडीनें सुधारते, मग मनुष्याची कां सुधारूं नये, असा त्याचा प्रश्न होता.

प्रश्न साधा दिसला, तरी निवड कोणीं करावयाची, हा खरा पेंच होता. अमेरिकेंत तें काम सरकारनें आपल्याकडे घेतलें. ‘नालायक’ ठरलेल्या माणसांस सक्तीनें वंध्य करण्याचा कायदा इंडियाना राज्यानें १९०७ सालीं केला. व्हर्जिनियांतील कॅरी बक ही तरुणी, तिची आई व तिची तान्ही मुलगी या तिघीही मंदबुद्धि ठरविल्या गेल्या, आणि १९२७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें कॅरीवरील शस्त्रक्रियेला मान्यता दिली. तीच तान्ही मुलगी पुढें शाळेंत गुणवंतांच्या यादींत आली! अशा कायद्यांखालीं अमेरिकेंत ६०,००० हून अधिक, आणि १९३३ च्या कायद्यानें नाझी जर्मनींत सुमारें ४ लक्ष माणसें वंध्य केलीं गेलीं.

महायुद्धानंतर हें शास्त्र बदनाम झालें. मूळची इच्छा मात्र जिवंत राहिली. २०१२ सालीं एमान्युएल शार्पेंतिए व जेनिफर डाउडना यांनीं जीवाणूंच्या आत्मरक्षणाच्या एका युक्तीवरून आनुवंशिकतेचें सूत्र हव्या त्या जागीं कापण्याचें साधन सिद्ध केलें. त्याचें नांव क्रिस्पर. आतां गर्भाच्या आरंभींच जनुकांत बदल करतां येईल, असें दिसूं लागलें.

२०१८ च्या नोव्हेंबरांत चीनमधील शेंझेनचे संशोधक डॉ. हे जियानकुई यांनीं तसें केल्याचें जाहीर केलें. त्यांच्याकडे आलेल्या जोडप्यांतील पति एड्सच्या विषाणूनें बाधित होते. त्यांना मूल हवें होतें, आणि तें आपल्या दुःखापासून कायमचें सुरक्षित हवें होतें. हा मोह कोणाला समजणार नाहीं? परंतु पित्याचा संसर्ग टाळण्यासाठीं शुक्रजंतु धुऊन घेण्याची रीत आधींपासूनच ठाऊक होती. जन्मलेल्या जुळ्या मुलींच्या जनुकांतील बदलही योजल्याप्रमाणें उतरले नाहींत. २०१९ च्या डिसेंबरांत संशोधकांना ३ वर्षांचा कारावास झाला. मुलींना मात्र तो बदल जन्मभर वागवावयाचा आहे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २०२३ च्या नोव्हेंबरांत ब्रिटननें सिकलसेलवरील क्रिस्पर-उपचाराला जगांत प्रथम मान्यता दिली. त्यांत रोग्याच्याच रक्तपेशींचीं बीजें बाहेर काढून, त्यांत बदल करून परत घालतात. विदर्भांतील व सातपुड्यांतील ज्या घरांनीं हा रोग पिढ्यान्‌पिढ्या भोगला, तीं या ज्ञानाला उद्दामपणा म्हणणार नाहींत. येथें बदल रोग्याच्या व त्याच्या घरच्यांच्या संमतीनें होतो आणि त्याच्या देहाबरोबरच संपतो. तो संततींत उतरत नाहीं.

एके काळीं निवडीचा अधिकार सरकारनें बळकावला. आज तो आईबापांच्या मायेच्या हातीं येऊं पाहतो. माया सत्तेहून मृदु खरी. परंतु जो अद्याप जन्मलाच नाहीं, त्याची संमति घेण्याचा मार्ग तिलाही सांपडलेला नाहीं.